गळ्यापर्यंत भज्जी

“आत्या, हे मोडीत घालू का?”

भाचसुनेनं माळ्यावरून पितळेचं तपेलं खाली काढून अंगणात ठेवलं होतं. कल्हई कधीच उडाली होती, एका बाजूला पोचा आला होता आणि आत कोळ्यानं आपला संसार मांडला होता. मी “नको” म्हटलं. जरा जोरातच म्हटलं असणार, कारण ती दचकली आणि “राहू द्या, राहू द्या, मी आपलं विचारलं” म्हणत आत गेली. मला वाईट वाटलं. तिचं काय चुकलं? तिच्या लेखी ती अडगळच.

मग मी बादलीभर पाणी आणि मूठभर चिंच घेऊन तपेलं घासायला बसले. या वयात उकिडवं बसायचं म्हणजे गुडघ्यांशी भांडण, पण बसले. घासत घासत गळ्याशी आले आणि हात थांबला. गळ्याला आतून एक काळपट रेघ होती. चिंचेनं ती जाईना. वर्षानुवर्षं तिथपर्यंत भज्जी भरायची आणि तिचा काठ तिथंच बसायचा. मी ती रेघ तशीच राहू दिली.

उद्या येळवस होती. तेवढ्यासाठी मी पुण्याहून येष्टीनं हाडं खिळखिळी करून घेत आले होते. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्या भागात त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळा गाव रानात जेवायला असतो. पुण्यातल्या शेजारणीला एकदा भज्जी समजावून सांगायला गेले. रानात त्या वेळी जे जे हिरवं असेल ते सगळं एका भांड्यात, असं म्हणेपर्यंत ती म्हणाली, “म्हणजे मिक्स व्हेज का?” मी विषय बदलला. काही माणसांना चांगल्या गोष्टी सांगूच नयेत.

भज्जी मिक्स व्हेज नव्हे. भज्जी म्हणजे आदल्या दिवशी रानात ओटी भरभरून खुडलेलं हिरवं. तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, पावटा, वाटाणा, मेथी, चुका, चाकवत, कांद्याची पात, लसणाची पात, कोवळी गाजरं, बोटाएवढी वांगी. त्यात पिकली बोरं आणि चिंचेचा कोळ. हे सगळं शिजत आलं की हरभऱ्याचं पीठ कालवून लावायचं, आणि वरून तीळ, जिरं, ठेचलेला लसूण आणि हिरव्या मिरचीची फोडणी. पातळ, आंबट, झणझणीत. बाजरीच्या उंड्याबरोबर, म्हणजे उकडलेल्या गोळ्याबरोबर, वाटीनं प्यायची. पहिल्या घोटाला कानशिलं तापतात आणि नाक वाहायला लागतं. वास तर असा, की चुलीपासून चार घरं लांब उभ्या माणसालाही कळावं, आज काय आहे.

आमच्या घरी भज्जी काकू करायची. काकू म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांची बायको, आळंदकडची, माहेरची भाषा कानडी. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीत फक्त ‘व्हय’ आणि ‘न्हाय’ एवढंच यायचं, आणि ती दोन्ही चुकीच्या जागी वापरायची. काका तिला मुद्दाम उलटसुलट प्रश्न विचारायचे. “मी शाणा हाय का येडा?” ती ठसक्यात म्हणायची, “व्हय.” सगळं घर हसायचं, आणि आपण कशाला हसवलं ते न कळून तीही हसायची. काका रंगानं काळेसावळे, हाडापेरानं मोठे, आणि खाण्यावर जीव. भज्जीच्या तर वाट्या मोजायची सोयच नव्हती. पहिल्या येळवशीला काकूनं केलेली भज्जी पिऊन त्यांनी वाटी उपडी घातली आणि आजोबांना म्हणाले, “तात्या, आता हिला परत धाडू नगा.” काकू लाजून कडब्याच्या गंजीआड गेली, ती आईनं हाक मारेपर्यंत बाहेर आली नाही.

भज्जीचे घरात दोन नेम होते. करणारीनं चव घ्यायची नाही. रानात कडब्याच्या पाच पेंढ्यांची खोप करून, त्यात चुना लावलेले पाच दगड मांडून त्यांना नैवेद्य दाखवल्याशिवाय ओठाला लावायची नाही. काकू मीठ वासावर ठरवायची. वाफेवर तोंड धरून डोळे मिटायची आणि चिमूटभर आणखी टाकायची. ते कधी चुकलं नाही. दुसरा नेम तपेल्याचा. तपेलं हेच आणि भज्जी गळ्यापर्यंत. खाणारी माणसं घरात किती, हा प्रश्नच नव्हता. येळवशीला बांधावरून जो जाईल त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. ओळखीचा असो, परका असो, कुठल्या जातीचा असो. ज्याला रान नाही त्याला तर आधी. न बोलावणं म्हणजे आपल्याच पिकाला शाप देणं, असं तात्या म्हणायचे. तात्यांचा आवाज मोठा होता. “या जेवायला!” म्हटलं की वाटेवरचा बैल थांबायचा.

दर वर्षी हमखास येणाऱ्यांत एक जमादार होते. करोडगिरीच्या नाक्यावर, म्हणजे निजामाच्या जकातीच्या चौकीवर ते होते. दाढी पिकलेली, पोट सुटलेलं, घोडी म्हातारी. घोडी आमच्या बांधाशी आपोआपच थांबायची. भज्जीला ते सालन म्हणायचे. माझ्या अम्मीच्या हातचं असंच असायचं, असं दर वर्षी नव्यानं सांगायचे आणि खिशातून खारीक काढून मला द्यायचे. काकू वाढत राहायची आणि ते तिच्याच भाषेत “साकू, साकू” म्हणायचे. साकू म्हणजे पुरे. इथं इतक्या लांब आपल्या भाषेतला एक शब्द ऐकून काकूचा चेहरा खुलायचा आणि ती आणखी एक पळी वाढायची.

मग ते वर्ष आलं.

काय झालं, कशानं झालं, ते मोठ्यांनी लिहून ठेवलंय, ज्यांना हवं त्यांनी वाचावं. मला आठवतात ते वास. रिकाम्या घरांचा वास. माणसं निघून गेली की घराला थंड राखेचा वास येतो. आमच्या आळीतली अर्धी घरं निजामाच्या हद्दीपलीकडं, सोलापूरकडं निघून गेली होती. बेंबळीचा बाजार भरायचा तो नावाला. तुळजापूरच्या वाटेवर पूर्वी देवीला जाणाऱ्यांची गाणी ऐकू यायची, ती थांबली होती. संध्याकाळी दिवा लावला की आई तो लगेच कोनाड्यात आत सरकवायची. गुरं मुकाट्यानं बांधलेली, कुत्र्यांना दटावलेलं, आणि खाकी कपड्यांतली पोरं घोड्यांवरून गावातून फिरायची. त्यांतली काही आमच्याच बाजूची, मिसरूडही न फुटलेली होती.

माझे वडील सोलापूरच्या गिरणीत होते आणि भाऊ त्यांच्याजवळ शिकायला. पावसाळ्यात काकाही तिकडं गेले. गेले म्हणजे पळून गेले. गावात झेंड्याचं काहीतरी झालं होतं आणि त्यात काकांचं नाव आलं होतं, एवढंच माझ्या कानावर आलं. नाक्यावर त्यांचं नाव सांगून ठेवलं होतं आणि ते सापडले तर काय होईल, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आम्ही मात्र गेलो नाही. उभी ज्वारी आणि दावणीचे बैल सोडून तात्या कुठंच जाणार नव्हते. घरात उरलो चौघं. तात्या, आई, काकू आणि मी.

येळवशीच्या आदल्या दिवशी पहाटे काका परत आले.

मी उठले तर ते चुलीपुढं हात शेकत बसलेले. दाढी वाढलेली, पायाला चिंध्या. काकू भिंतीला टेकून उभी होती आणि नुसती बघत होती. तात्यांनी आधी दाराला कडी घातली, मग ते वळले.

“वाटीभर भज्जीसाठी जीव द्यायला आलास व्हय रं?”

“तात्या, तिकडं डाळ मिळती,” काका हसून म्हणाले. “हिरवी शेंग न्हाय मिळत.”

“परत जा. आत्ताच्या आत्ता.”

“उद्याची येळवस करतो अन् अंधार पडला की जातो. आपल्या रानात येळवस केली न्हाय तर वरीसभर चित्त लागंना मला. तुमीच शिकवलंय न्हवं?”

तात्यांनी खुंटीवरची घोंगडी काढली. त्यांनीच शिकवलं होतं. मला त्या माणसाचा अजूनही राग येतो, काकांचा. एवढं मोठं हाडपेर, आणि हट्ट पोराचा. आणि राग आला की त्यांचे ते शेकायला धरलेले हात आठवतात, आणि मग राग राहत नाही.

उजाडायच्या आत तात्या त्यांना रानात घेऊन गेले. ज्वारी तेव्हा पुरुषाच्या डोक्यावर गेली होती, कणसं दुधात आली होती. मधोमध थोडी ताटं वाकवून जागा केली आणि घोंगडी अंथरून दिली. दिवसभर तिथं पडून राहायचं, दुसऱ्या दिवशी नैवेद्य झाला की काकू भज्जीची वाटी नेऊन देणार, आणि अंधार पडला की निघायचं. ठरलं ते असं.

काय काय काळजी घेतली त्या दिवशी! काकांचं धोतर धुतलं ते आत वाळत घातलं. चुलीपुढच्या त्यांच्या पायाच्या खुणा आईनं शेणानं सारवून टाकल्या. मला सांगितलं, कुणी विचारलं तर काका सोलापूरला. दुपारी मी आणि काकू रानात भाजी खुडायला गेलो, तेव्हा काकूनं ज्वारीकडं पाठ ठेवली आणि एकदाही मान वळवली नाही. तिच्या ओटीत तुरीच्या शेंगा पडत होत्या, टप, टप. त्या दिवशीचा हिरवा वास माझ्या नाकात आहे. चुका चुरगळला की येतो तो आंबट, घाट्यांच्या खाराचा, आणि मेथीचा कडवट. काकू ज्वारीला ऐकू जावं म्हणून हलक्या आवाजात कानडीत काहीतरी गुणगुणत होती. मला एकही शब्द कळला नाही. ज्वारीतल्या माणसालाही कळत नव्हता, पण आवाज तर कळत होता.

पहाटे चूल पेटली. तीळ तडतडले, लसूण जळता जळता वाचला, आणि काकू वाफेवर डोळे मिटून उभी राहिली. कित्येक महिन्यांनी तिच्या तोंडावर रंग होता. तिनं भज्जी केली ती तपेल्याच्या गळ्यापर्यंत.

एवढी सगळी काळजी घेणाऱ्या तीन शहाण्या माणसांच्या हे लक्षात आलं नाही. आईनं तपेलं काढून दिलं, काकूनं भरलं, तात्यांनी डोक्यावर घेतलं. नेम होता, तो पाळला. येळवस कुणी लहान भांड्यात करतं का?

रानात गेलो. खोप केली, तिच्यावर काकूचा शालू पांघरला. दगडांना चुना लावला. तात्यांनी आंबिलीत ज्वारीचं ताट बुडवून पिकावर शिंपडली. शिंपडताना म्हणायचे ते शब्द त्यांनी म्हटले. त्या शब्दांचा अर्थ आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हता. काकू म्हणायची, मोडकं कानडी आहे. एरवी तात्या ते ओरडून म्हणायचे, त्या दिवशी ते पुटपुटले. आजूबाजूची रानं ओस होती. दर वर्षी चहूकडून ते शब्द ऐकू यायचे, एका रानातून दुसऱ्या रानात, पार ओढ्यापलीकडं. त्या दिवशी फक्त व्हले, रानातले पारवे, घुमत होते.

नैवेद्य झाला. काकूनं वाटी भरली, वर उंडा ठेवला आणि ती उठणार, एवढ्यात वाटेवर घोडी दिसली.

जमादार होते. बरोबर खाकीतली दोन पोरं.

काकू खाली बसली. वाटी तिनं आईच्या पदराआड सरकवली. तात्या उभे राहिले. मला त्यांचा हात दिसत होता, तो धोतराचा सोगा चुरगळत होता. हाक मारावी की न मारावी? न मारली तर का मारली नाही, हा प्रश्न. पण मला नाही वाटत तात्यांनी एवढा हिशेब केला असेल. येळवस होती आणि बांधावर माणूस होता.

“या जमादार, जेवायला!” तोच आवाज, दर वर्षीचा.

“हौ तात्या,” जमादार उतरले. “मैं सोचा, इस साल बुलाते की नै.”

“येळवशीला कुनाला न्हाय म्हनलंय का आमी?”

जमादार मांडी घालून बसले. एक पोरगा बसला, दुसरा बसायला तयार नव्हता. तो बांधावर उभाच राहिला. काकूनं वाढलं. पळी तपेल्यात घातली ती वरच्यावरच बुडली. जमादारांनी वाटी तोंडाला लावली, डोळे पुसले, नाक पुसलं, आणि अम्मीच्या हातचं असंच असायचं, असं या वर्षीही सांगितलं. काकू दुसऱ्यांदा वाढायला वाकली तेव्हा त्यांची नजर तपेल्यात गेली. मग तात्यांकडं, आईकडं, माझ्याकडं. एक म्हातारा, दोन बायका, एक पोरगी.

“सालन लई केलंय की, बेटी. खानेवाले कहां हैं?”

“येनाऱ्याजानाऱ्याला असतंय, बाबा.” काकूनं तपेल्यात पळी ढवळली.

“अब कौन आता-जाता इधर,” ते म्हणाले. हळू म्हणाले, वाटीत बघत. बसलेल्या पोरानं मात्र मान उचलून तपेल्याकडं बघितलं. उभा होता तो ज्वारीकडं बघत होता.

जमादारांनी तिसरी वाटी घेतली नाही. “साकू,” म्हणाले. हात धुतले, खिशातून खारीक काढून मला दिली आणि घोडीवर बसले. तिघं ओढ्याच्या बाजूनं गेले. वळणाशी दिसेनासे झाले तेव्हा आई म्हणाली, “गेले बाई.” मी खारीक तोंडात टाकली. गोड होती.

“मी नेऊन देते,” काकू उठली.

“थांब,” तात्या म्हणाले. “लांब जाऊ दे त्यांना.”

आम्ही थांबलो. वाटीवर उंडा तसाच. कुणी जेवलं नाही. सावल्या खोपीच्या दुसऱ्या बाजूला आल्या. काकू वाटीवर हात ठेवून बसली होती, ती निवू नये म्हणून. मग ओढ्याकडून आवाज आला, पाठोपाठ दुसरा. व्हले उडाले.

“हरणामागं लागले असतील,” आई म्हणाली.

काकूनं वाटी उचलली आणि ती ज्वारीत शिरली. ताटं दुभंगली, हलली आणि पुन्हा मिटली. ती कुठवर गेली ते कणसांच्या हलण्यावरून कळत होतं. मग कणसं हलायची थांबली. बराच वेळ थांबली. परत हलायला लागली तेव्हा आई उभी राहिली.

काकू बाहेर आली. खांद्यावर घोंगडी होती आणि हातात वाटी. वाटी गच्च भरलेली, उंडा जसाच्या तसा, भज्जीवर साय धरलेली.

“न्हाईत,” ती म्हणाली.

तात्या ओढ्याकडं धावले. अंधार पडेपर्यंत ते हिंडत होते. चुरगळलेलं गवत दिसलं, घोड्यांच्या खुरांचे ठसे दिसले, दुसरं काही नाही. आमच्यावर आळ येऊ नये म्हणून काका स्वतःच ज्वारीतून ओढ्याकडं सरकले होते, की त्यांना तिथून उठवून नेलं होतं, हे कधीच कळलं नाही. काकूनं ती वाटी ज्वारीच्या बुडाशी ओतली. मग माती सारखी केली, वाटी आंबिलीच्या पाण्यानं विसळली आणि पालथी ठेवली. ती रडली असती तर बरं झालं असतं. त्या संध्याकाळी कडब्याचा टेंभा पेटवून रानाला फेरी घालायची असते. ती फेरी काका घालायचे. आम्ही टेंभा न पेटवता घरी आलो.

पुढच्या भादव्यात निजामाचं राज्य गेलं. हद्दीपलीकडची माणसं परत आली, घरांना पुन्हा धुराचा वास यायला लागला, तुळजापूरच्या वाटेवर गाणी सुरू झाली. तुरुंगातून माणसं सुटून आली तेव्हा काकू दर वेळी वेशीपर्यंत जायची. वडिलांनी गुलबर्ग्यापासून औरंगाबादपर्यंत चौकशी केली. काका कुठंच नव्हते. जिवंतांत नव्हते आणि मेल्यांतही नव्हते. काकू कुंकू लावत राहिली. काही घरं तिला हळदीकुंकवाला बोलवायची, काही टाळायची. जी बोलवायची तिथल्या बायकाही तिच्या कपाळाला बोट लावताना जराशा थबकायच्या. ते थबकणं मी पाहिलं आहे. त्याच्याइतकं वाईट मी फार थोडं पाहिलं.

येळवस ती करत राहिली. त्याच तपेल्यात, गळ्यापर्यंत, चव न घेता. एक वाटी ज्वारीत नेऊन ठेवायची. स्वतः मात्र भज्जी खायची नाही, आंबिलीत भाकरी कुस्करून खायची. मीठ कधी चुकलं नाही.

आणि मग आणखी काही वर्षांनी, मी लग्नाची झाले होते, अशाच एका येळवशीला बांधावरून एक म्हातारा काठी टेकत चालला होता. अंगावर खाकी नव्हती, घोडी नव्हती, पोटही नव्हतं. तात्यांची नजर तोवर गेली होती. आईनं ओळखलं आणि काकूचा हात धरला.

“बोलवू नगंस.”

काकूनं हात सोडवून घेतला. ती बांधापर्यंत गेली.

“या बाबा, जेवायला.”

जमादार थांबले. ते आले नसते तरी चाललं असतं, पण आले. बसले. काकूनं वाटी भरून पुढं ठेवली. त्यांनी ती उचलली नाही. त्यांचे हात मांडीवर तसेच होते.

“बेटी, म्या काय बोललो न्हवतो,” ते म्हणाले. “खुदा गवाह. त्या पोरांनीबी तपेलं बघितलं होतं.”

काकू पळी हातात धरून उभी होती.

“ओढ्याच्या वर, बाभळीखाली. मैं वहींच था. लगेच गेला, तकलीफ नै हुई. पोरांनी तसाच घोड्यावर घालून नेला. कुठं पुरला, मला म्हाईत न्हाय.”

तात्यांनी मान खाली घातली. त्यांना काय ऐकू आलं आणि काय नाही, कोण जाणे. काकूनं एकच गोष्ट विचारली.

“त्यांनी खाल्लं होतं का वो?”

म्हाताऱ्यानं वर पाहिलं. त्याला तो प्रश्न कळला. बाकी सगळं आयुष्य त्यानं कसंही घालवलेलं असो, तो प्रश्न त्याला नीट कळला.

“हौ, बेटी. पेट भरके खाया था. खुद बोला मेरेकू. घर का सालन खाके आया, बोला.”

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी काकूच्या हातातल्या पळीकडं पाहिलं. ती वाटी भरलेली परत आलेली आम्ही तिघींनी बघितली होती. तिच्यावरची साय बघितली होती. काकूच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. तिनं वाकून जमादारांची वाटी हातानं त्यांच्याजवळ सरकवली.

“खा बाबा. पोटभर खा.”

त्यांनी खाल्लं. डोळ्यांतून पाणी गळत होतं, मिरचीचं की कशाचं. काकूनं दुसऱ्यांदा वाढलं, तिसऱ्यांदा वाढलं. ते “साकू” म्हणाले नाहीत. त्यानंतर ते कधी दिसले नाहीत.

घरी येताना तपेलं आईच्या डोक्यावर होतं. वाटेत आई म्हणाली, “आता कुंकवाचं काय करतीस?” आई दुष्ट नव्हती. गावाला तोंड द्यायचं होतं, म्हणून तिनं विचारलं.

“त्यो मानूस खोटं बोलतोय, अक्का,” काकू म्हणाली. “वाटी म्या परत आनली न्हवं? जे खाल्लंच न्हाय ते खाल्लं म्हनतोय. मग मेला म्हनतोय ते तरी खरं कशावरनं?”

तिला खरं कळलं नव्हतं असं मला वाटत नाही. म्हाताऱ्यानं दया म्हणून एक खोटं तिच्या पदरात घातलं, आणि तिनं ते धरून ठेवलं, एवढंच. कुंकू तिनं शेवटपर्यंत लावलं. ती गेली तेव्हा तिला कशी न्यायची, सवाष्ण म्हणून की विधवा म्हणून, यावर अंगणात पुरुष कुजबुजायला लागले. आई आतून करंडा घेऊन आली आणि कुणाला न विचारता तिनं काकूचा मळवट भरला. आमच्यात पुरतात. काकूला रानातच पुरलं, ज्वारीच्या कडेला.

काल मी तपेलं घासलं आणि आज भाचसूनबाईला म्हटलं, यातच कर. तिनं कल्हई नाही म्हणून स्टीलच्या पातेल्यात केली आणि माझ्या समाधानासाठी नंतर तपेल्यात ओतली. निम्मंसुद्धा भरलं नाही. मीठ घालताना चव घेतली ती चारदा, मी मोजलं नाही पण बघितलं. चांगली झाली होती. उगीच कशाला नाव ठेवू?

रानात आता ज्वारी नाही. सोयाबीन काढून हरभरा टाकलाय, गुडघ्याच्याही खाली. त्यात ससासुद्धा लपला नसता. काकूच्या दगडाशी मी एक वाटी ठेवली आणि येऊन बसले. भाच्याची पोरं मोबाइलवर खोपीचे फोटो काढत होती. सगळ्या रानांत माणसं होती, हाका ऐकू येत होत्या. तेवढ्यात बांधावरून एक मोटारसायकल चालली होती. कोणी परगावचा होता, अंगावर खाकी कपडे, बहुतेक कुठल्या कारखान्याचा राखणदार असावा. भाच्यानं हात वर केला. आवाज थेट तात्यांचा.

“या दादा, जेवायला!”

गाडी थांबली. माणूस हसत उतरला, चप्पल काढून आमच्याकडं यायला लागला. मी काय करते आहे ते मला कळलंच नाही. भाचसुनेचा आवाज आला तेव्हा कळलं.

“आत्या, झाकण का घातलंत? पाहुण्यांना वाढायचंय की.”

माझे दोन्ही हात तपेल्याच्या झाकणावर होते, दाबून धरलेले. तो माणूस समोर मांडी घालून बसला होता आणि वाट बघत होता. हात काढायला मला थोडा वेळ लागला. मग झाकण बाजूला केलं आणि पहिली पळी त्याला वाढली.

“साकू म्हणेपर्यंत वाढीन हां,” मी त्याला म्हटलं. त्याला तो शब्द माहीत नव्हता.